सासूबाईंच्या बायबलात नसलेलं पान

पत्र थोडक्यात असं: माहेर वसईचं, कॅथलिक. सासर नगरचं, तीन पिढ्यांपासून प्रोटेस्टंट. लग्नाला अकरा वर्षं झाली. नवरा समजूतदार, सासूबाई कडक पण मायाळू. गेल्या वर्षी पत्रलेखिकेची आई गेली. पुढच्या महिन्यात वर्ष भरतंय. वसईला मिस्सा (कॅथलिक चर्चमधली उपासना) होईलच, पण नगरच्या घरीही छोटी प्रार्थनासभा ठेवून आईच्या मिस्सेत वाचलेला मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकातला उतारा वाचावा, असं त्यांच्या मनात आहे. सासूबाईंनी चष्मा लावून आपलं बायबल अनुक्रमणिकेपासून चाळलं आणि म्हणाल्या, "असलं पुस्तक बायबलात नाहीच." चुलतसासरे म्हणाले, "ती पुस्तकं पोपने मागाहून घुसडलेली." वसईहून भाऊ फोनवर म्हणाला, "उलट, लूथरने फाडून टाकली." नऊ वर्षांच्या मुलीने सगळं ऐकलं आणि विचारलं, "मग खरं बायबल कोणाचं?" पत्रलेखिका विचारतात: खरं कोण बोलतंय, आणि तो उतारा वाचू की सोडून देऊ?

ताई,

तुमच्या पत्रात एक ओळ खोडलेली आहे, पण अक्षरं दिसतात: 'सासूबाईंना माझ्या आईसाठी प्रार्थनाच नकोय बहुतेक.' मला वाटतं सगळं पत्र त्या एका ओळीपायी लिहिलंय. तिच्याकडे परत येतेच. आधी घुसडली की फाडली, ते बघू. चुलतसासऱ्यांच्या आणि भावाच्या म्हणण्यात पावशेर-पावशेर तथ्य आहे. दोन्ही एकत्र केलं तरी किलो भरत नाही.

हिशेब असा. नवा करार दोन्ही घरांत एकच, 27 पुस्तकांचा. फरक जुन्या करारात आहे. सासूबाईंकडे 39 पुस्तकं, तुमच्याकडे 46. जास्तीची सात म्हणजे तोबीत, यहूदीथ, ज्ञानग्रंथ, बेन सिराचा ग्रंथ, बारूख आणि मक्काबींची दोन. शिवाय एस्तेर आणि दानीएल ही पुस्तकं तुमच्याकडे जरा लांब आहेत. सुसान्नेची गोष्ट तुमच्या दानीएलात सापडेल, त्यांच्या नाही.

हा फरक पोप आणि लूथर यांच्या पुष्कळ आधीचा आहे. येशूच्या जन्माच्या दोन-अडीचशे वर्षं आधी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात ग्रीक बोलणारे ज्यू मोठ्या संख्येने राहत होते. त्यांची मुलं हिब्रू विसरत चालली होती, म्हणून धर्मग्रंथ ग्रीकमध्ये आले. आधी मोशेची पाच पुस्तकं, मग बाकीची. त्या ग्रीक गोतावळ्यात हळूहळू ही सातही येऊन बसली. काही मुळात हिब्रू किंवा अरामीत लिहिलेली होती, काही थेट ग्रीकमध्येच. सुरुवातीचे ख्रिस्ती बहुतेक ग्रीकच वाचत, त्यामुळे त्यांच्या हाती हा मोठा संच आला. ज्यू धर्मपंडितांनी मात्र पुढे हिब्रूतली 24 पुस्तकंच धरली. घाबरू नका, त्यांची 24 आणि सासूबाईंची 39 एकच आहेत. ते बारा लहान संदेष्ट्यांचं एक पुस्तक मोजतात, असा त्या मोजणीचा प्रकार आहे. थोडक्यात, ख्रिस्ती लोकांना वारसा मिळाला तोच दोन याद्यांचा.

चौथ्या शतकाच्या शेवटी ही ओढाताण दोन माणसांत दिसते. एक संत जेरोम. रोम सोडून बेथलेहेमला येऊन राहिलेले, हिब्रू शिकलेले, जिभेचे तिखट. जुना करार लॅटिनमध्ये आणायचा तर मूळ हिब्रूवरूनच, हा त्यांचा हट्ट. आणि हिब्रूत जे नाही ते प्रमाण ग्रंथांच्या बाहेरचं, असं त्यांनी लिहूनच ठेवलंय. पण दोघा बिशपांनी तोबीत मागितलं तेव्हा नाही म्हणवेना. पुस्तक मिळालं अरामीत, आणि ती भाषा जेरोमना हिब्रूइतकी येत नव्हती. मग दोन्ही भाषा बोलणारा एक माणूस गाठला. तो अरामी वाचून हिब्रूत सांगायचा, जेरोम ते लॅटिनमध्ये बोलायचे, लेखनिक उतरवून घ्यायचा. एका दिवसात काम संपवलं, असं प्रस्तावनेत त्यांनीच सांगितलंय. मला तो सूर नकोसं काम उरकणाऱ्याचा वाटतो. आणि तेच भाषांतर पुढे हजार वर्षं पश्चिम युरोपने वाचलं!

दुसरे संत ऑगस्टीन, उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचे बिशप. त्यांचं म्हणणं साधं: मंडळ्या इतकी वर्षं जे वाचत आल्या, ते शास्त्र. 393 मध्ये हिप्पोला आणि 397 मध्ये कार्थेजला बिशपांच्या सभा झाल्या, त्यांच्या याद्यांत तोबीत, यहूदीथ, मक्काबी सगळे आहेत. म्हणजे 'पोपने मागाहून घुसडली' म्हणणाऱ्या चुलतसासऱ्यांना इथे हजारएक वर्षं मागे जावं लागेल.

या दोघांच्या मधली एक वाट मात्र आता सगळेच विसरलेत. 367 मध्ये अलेक्झांड्रियाचे बिशप अथनेशियस यांनी ईस्टरच्या पत्रात यादी दिली. नव्या कराराची आजची 27 पुस्तकं नेमकी तशीच त्यात पहिल्यांदा सापडतात. जुन्या कराराबद्दल त्यांनी कपाटाला मधला कप्पा केला: ही पुस्तकं प्रमाण नव्हेत, पण नव्याने श्रद्धेत येणाऱ्यांना जरूर वाचायला द्या. त्या कप्प्यात तोबीत आहे, यहूदीथ आहे, आणि गंमत म्हणजे एस्तेरही आहे, जी आज सासूबाईंच्या बायबलात वरच्या कप्प्यात बसलीय. बारूख मात्र त्यांनी वर ठेवलंय. कपाट लागायला वेळ लागत होता, एवढाच अर्थ.

मध्ययुगात हा मधला कप्पा पुरता बंद झाला नव्हता. लॅटिन बायबलात सातही पुस्तकं असायची आणि पुढे जेरोमची शंकेखोर प्रस्तावनाही. पुस्तक आणि त्याच्यावरचा आक्षेप एकाच बांधणीत. 1442 मध्ये कॅथलिक चर्चच्या फ्लॉरेन्स परिषदेने सातांसकट यादी जाहीर केली, तरी विद्वान कुजबुजत राहिले.

मग लूथर, ज्यांच्या बंडातून प्रोटेस्टंट पंथ निघाला ते जर्मन धर्मसुधारक. 1519 मध्ये लाइपझिगला योहान एक (Eck) या कॅथलिक पंडिताशी त्यांचा जाहीर वाद झाला. मेलेल्यांसाठी प्रार्थना आणि शुद्धिस्थान (मेल्यावर आत्मा जिथे शुद्ध होतो असं कॅथलिक मानतात ती जागा) यांना शास्त्रात आधार दाखवा, असा विषय आला तेव्हा योहान एक यांनी पुढे केला तो मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाचा बारावा अध्याय. तुमचाच उतारा, ताई. लूथरनी उत्तर दिलं की ते पुस्तक प्रमाण यादीतलं नाही, सिद्धान्ताला चालणार नाही. तुमचा भाऊ म्हणेल, सोयीचं नाही म्हणून पुस्तकच नाकारलं. सोय होती, हे मलाही दिसतं. पण ही पळवाट त्यांनी ऐन वेळी काढलेली नव्हती, ती जेरोमची होती. ज्या कार्डिनल कायेटाननी 1518 मध्ये रोमच्या वतीने लूथरची उलटतपासणी घेतली, त्यांनीही पुढे लिहिलं की या पुस्तकांच्या बाबतीत जेरोमचा निवाडा धरावा. कॅथलिक कार्डिनल, लूथरचे विरोधक, आणि मत हे!

फाडण्याचं म्हणाल तर 1534 चं लूथरचं जर्मन बायबल उघडून बघावं. ती पुस्तकं आहेत. दोन्ही करारांच्या मध्ये, वेगळ्या विभागात, वर मथळा अशा अर्थाचा: पवित्र शास्त्राच्या बरोबरीची नाहीत, पण वाचायला उपयुक्त आणि चांगली. अथनेशियसचा मधला कप्पाच की हा.

दार लावलं गेलं ते दोन्हीकडून, वेगवेगळ्या वेळी. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने 8 एप्रिल 1546 रोजी सातही पुस्तकं उचलून वरच्या कप्प्यात ठेवली आणि न मानणाऱ्याला बहिष्काराचा शाप लावला. यादी जुनीच, सक्ती नवी. चुलतसासऱ्यांचं पावशेर ते हे. आधी थोडा फरक ठेवा म्हणणारे लोक त्या परिषदेच्या आतही होते.

प्रोटेस्टंटांचं दार लागायला आणखी पावणेतीनशे वर्षं लागली, आणि ते ज्या कारणाने लागलं ते घरोघरी सांगितलं जात नाही. इंग्लंडच्या चर्चने ही पुस्तकं चालचलणुकीच्या धड्यासाठी वाचायची, सिद्धान्तासाठी नाही, असं सोळाव्या शतकातच ठरवलं होतं. 1611 च्या राजाज्ञेने निघालेल्या इंग्रजी बायबलात ती होती. 1615 मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपने तर ती वगळून बायबल विकणाऱ्याला वर्षभराची कैद फर्मावली! त्याउलट 1647 च्या वेस्टमिन्स्टर कबुलीजबाबात, म्हणजे श्रद्धेच्या जाहीरनाम्यात, कडक प्युरिटन (चर्च आणखी शुद्ध करू पाहणाऱ्या प्रोटेस्टंट) मंडळींनी त्यांना इतर माणसांच्या लिखाणापेक्षा जास्त किंमत नाही, असं म्हटलं. छापणाऱ्यांनाही पानं कमी झाली तर हवीच होती. शेवटचा घाव पैशाचा. लंडनच्या बायबल सोसायटीने युरोपात वाटण्यासाठी ही पुस्तकं असलेल्या बायबलांनाही पैसे दिले, तेव्हा स्कॉटलंडच्या वर्गणीदारांनी आकाशपाताळ एक केलं. आमच्या देणगीतून हे छापू नका! 1826 मध्ये सोसायटीने ठराव केला की यापुढे या पुस्तकांवर एक पैसा खर्च होणार नाही. तरीही एडिंबरा आणि ग्लासगोवाले रागावून वेगळे झालेच.

आता तारखा जुळवून बघा. अमेरिकन मिशनरी मुंबईला आले 1813 मध्ये, नगरला त्यांचं ठाणं झालं 1831 मध्ये. मराठी बायबल घडत-सुधारत होतं ते याच दशकांत, बायबल सोसायट्यांच्या पैशावर. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत सबंध बायबल आणलं, तेही 66 पुस्तकांचंच. त्यामुळे सासूबाईंनी अनुक्रमणिकेवर बोट फिरवून 'असलं पुस्तक नाहीच' म्हटलं, ते त्यांच्या हातातल्या ग्रंथाबद्दल शंभर टक्के खरं होतं. त्यांच्या बांधणीत ते पान कधी नव्हतंच. ते लंडनच्या एका बैठकीत राहिलं.

मुलीला एवढं सांगा: "आजीचं बायबल खरं आणि माझंही खरं. जुन्या काळी याद्या दोन होत्या. आजीच्या लोकांनी लहान धरली, माझ्या लोकांनी मोठी." नऊ वर्षांच्या मुलीला पुरतं. पंधराव्या वर्षी पुन्हा विचारेल तेव्हा जेरोमची गोष्ट काढा.

आता त्या खोडलेल्या ओळीकडे. तुमच्या उताऱ्यात घडतं काय? लढाईनंतर ज्यू सेनानी यहूदा मक्काबी आणि त्याचे लोक आपली प्रेतं उचलायला जातात. मेलेल्या प्रत्येकाच्या अंगरख्याखाली मूर्तींचे ताईत सापडतात. आपलीच माणसं, धर्मासाठी लढलेली, आणि गळ्यात हे. यहूदा त्यांना टाकून देत नाही. माणसामाणसाकडून चांदीचे दोन हजार द्राख्मा गोळा करतो आणि पापार्पणासाठी यरुशलेमला पाठवतो, कारण ते पुन्हा उठतील असा त्याचा भरवसा आहे. मिस्सेत ऐकताना तुमच्या कानावर पडलं ते हे: गेलेल्या माणसासाठी अजून काहीतरी करता येतं.

सासूबाई लहानपणापासून उलट ऐकत आल्या. विश्वासात गेलेला माणूस देवाजवळ पोचला. त्याच्यासाठी आपण काही मागायचं उरलेलं नाही, आभार तेवढे मानायचे. त्यांच्या लेखी तुमच्या आईसाठी मागणं म्हणजे ती पोचली की नाही याची शंका घेणं. तुम्हाला त्यांचा नकार कोरडा वाटला. त्यांना तुमची मागणी कदाचित आईवर अविश्वास दाखवल्यासारखी वाटली असेल. तुम्ही दोघींनी हे एकमेकींना विचारलंय का? पत्रात तरी दिसत नाही. पत्रात अनुक्रमणिका आहे, पोप आहे, लूथर आहे. आई फार थोडी आहे.

माझं मत विचाराल तर मक्काबींचा उतारा वसईच्या मिस्सेत वाचा, नगरच्या सभेत नको. तो कमी प्रतीचा आहे म्हणून नव्हे. नगरच्या बैठकीत तो आईची आठवण राहणारच नाही, पुरावा होईल. पाचशे वर्षांपूर्वी लाइपझिगला झाला तसाच. चुलतसासरे चष्मा पुसतील, पाळक साहेब अवघडतील आणि चहा येईपर्यंत तुमच्या आईचं नाव कोणी घेतलेलं नसेल. नगरला योहानाच्या अकराव्या अध्यायातली मार्था-मरीयेची गोष्ट वाचा, नाहीतर रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय. सासूबाईंना रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एखादं पद पाठ असेल. ते त्यांनाच म्हणायला सांगा. सांगितलेलं काम माणसाला सभेचा भाग करतं.

तरीही आईच्या बायबलातलं काही हवंच असेल तर ज्ञानग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायाची सुरुवात बघा. नीतिमानांचे जीव देवाच्या हाती आहेत, अशा अर्थाची. तिच्यात कोणाचा सिद्धान्त अडत नाही. सासरचं चर्च उत्तर भारतीय मंडळीचं (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं) असेल तर पाळक साहेबांना आधी विचाराच. 1970 मध्ये नागपूरला ती मंडळी एकत्र आली तेव्हा इंग्लंडच्या चर्चची परंपराही तिच्यात आली, आणि त्या परंपरेत ही पुस्तकं वाचणं अगदीच परकं नाही. पण विचारायचं आठवडाभर आधी. सभेच्या सकाळी विचारलेल्या प्रश्नाला कोणीही नाहीच म्हणतं.

मक्काबींचं पान सासूबाईंपासून लपवू मात्र नका. एखाद्या दुपारी स्वयंपाकघर आवरल्यावर त्यांच्यासमोर वाचा, गोष्ट म्हणून. मग त्यांच्याच बायबलातला योहानाचा दहावा अध्याय काढा. त्यात येशू हिवाळ्यात मंदिराच्या पुनःप्रतिष्ठेच्या सणाला यरुशलेमेत आहे. तो सण सुरू कसा झाला ते मक्काबींच्या पहिल्या पुस्तकात आहे. त्यांना पटवायला जाऊ नका. त्यांचं कुतूहल जागं झालं तरी पुष्कळ.

आणि त्यांना जॉन बन्यनची गोष्ट सांगा. यात्रेकरूच्या रूपकामुळे जुन्या प्रोटेस्टंट घरांत हे नाव ओळखीचं असतं. पक्का प्युरिटन माणूस. मन पार खचलं असताना त्याच्या मनात एक वाक्य आलं: मागच्या पिढ्यांकडे बघ, प्रभूवर भरवसा ठेवून कोणी कधी फजीत झालाय का? त्याला एकदम हलकं वाटलं. मग तो बायबलात ते शोधू लागला. सापडेना. जाणत्या माणसांना विचारलं, त्यांनाही ठाऊक नाही. वर्षाहून जास्त काळ शोधल्यावर सापडलं ते बेन सिराच्या दुसऱ्या अध्यायात, म्हणजे ज्यांना तो शास्त्र मानत नव्हता त्या पुस्तकांत. आधी त्याला धक्का बसला. मग त्याने ठरवलं की इतर अनेक वचनांचं सार या वाक्यात आहे, तर यातून दिलासा घेणं हे माझं कर्तव्यच आहे. पुस्तकाची जागा त्याने बदलली नाही. दिलासाही सोडला नाही.

अशी मिश्र घरं माझ्या वाचकांत बरीच आहेत, म्हणून दोन-चार गोष्टी सगळ्यांसाठी. बायबल विकत घेताना मुखपृष्ठ सोडा, अनुक्रमणिका बघा. जोडप्याला भेट द्यायची असेल तर त्यांनाच विचारा. 1968 पासून व्हॅटिकन आणि बायबल सोसायट्यांच्या समझोत्याने काही भाषांत अशा आवृत्त्या निघाल्या की ही पुस्तकं दोन करारांच्या मध्ये वेगळी छापलेली असतात. मधला कप्पा परत आला म्हणायचा. कॅथलिक घरात 'अपोक्रिफा' (या पुस्तकांना प्रोटेस्टंट देतात ते नाव) आणि प्रोटेस्टंट घरात 'अपुरं बायबल' हे शब्द तोंडातून काढू नका, दोन्ही लागतात. आणि स्तोत्र वाचायला सांगताना क्रमांकाबरोबर पहिली ओळही सांगा. जुन्या कॅथलिक पुस्तकांत मेंढपाळाचं तेविसावं स्तोत्र बाविसावं असतं. तिथेही हिब्रू आणि ग्रीकचा तोच घोळ. एका प्रार्थनासभेत अर्धे लोक भलतंच स्तोत्र म्हणत होते, मी स्वतः ऐकलंय.

तुमच्या मुलीसाठी शेवटी तोबीत ठेवा. आंधळा बाप, दूरच्या प्रवासाला निघालेला मुलगा, माणसाच्या वेशातला देवदूत, माशाच्या पित्ताने उघडणारे डोळे. आजीला मांडीवर घेऊन बसायला सांगा आणि तुम्ही वाचा; गोष्ट ऐकायला कोणाची यादी आड येत नाही. त्या प्रवासात एक कुत्राही मुलाबरोबर निघतो आणि परत येतो. मधे तो काहीच करत नाही. का आहे तो, असं मुलीने विचारलं तर आजी काय उत्तर देते ते मला जरूर कळवा. मी बरीच वर्षं शोधतेय.